तात्पुरतेपणाचं धोरण, कायमची माणसं

निर्वासितांवरची चर्चा कुठल्याही देशात सुरू झाली की फिरून फिरून एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: हे लोक इथल्यांत मिसळतील का? मग त्यांचा धर्म, त्यांच्या बायकांचा पेहराव, त्यांची भाषा, घरातली मुलांची संख्या, सगळ्याचा पंचनामा होतो. उत्तर ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त अवलंबून असतं, ती मात्र क्वचितच तपासली जाते. आलेल्या माणसाला त्या देशाच्या सरकारनं पहिल्या दोन-तीन वर्षांत काय करू दिलं? काम कधी करू दिलं, कुठे राहायला भाग पाडलं, किती मुदतीचा कागद हातात ठेवला? ‘निर्वासितांना रुजता आलं नाही’ असा निष्कर्ष निघतो तेव्हा बहुतेक वेळा सरकारी नियमांचं अपयश त्यांच्या संस्कृतीच्या नावावर टाकलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

युक्रेनच्या युद्धानं ही गोष्ट जितकी उघडी पाडली तितकी आधी कशानंच पाडली नव्हती. युरोपीय संघाकडे २००१पासून एक निर्देश तयार होता. मोठ्या संख्येनं माणसं एकदम आली तर एकेकाची चौकशी करत न बसता सरसकट तात्पुरतं संरक्षण द्यायचं, असा त्याचा आशय. तो दोन दशकं फायलीत पडून राहिला. २०१५मध्ये सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून लाखो लोक आले, तेव्हाही कुणी त्याला हात लावला नाही. रशियानं २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवर हल्ला केला आणि ४ मार्चला तो लागू झालासुद्धा. युक्रेनमधून आलेल्याला राहण्याचा हक्क, कामाचा हक्क, मुलांना शाळा, दवाखाना आणि कोणत्या देशात जायचं हे ठरवण्याची मुभा, सगळं मिळालं. त्याच शहरातला अफगाण माणूस तेव्हा आश्रयाच्या अर्जाचा निकाल कधी लागतो याची वाट बघत सरकारी वसतिगृहात बसून होता. ‘आता आमची क्षमता संपली’ हे वाक्य २०१५नंतर युरोपभर घासून गुळगुळीत झालं होतं. त्या आठवड्यात ते कुणाला आठवलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: युक्रेनियन युरोपीयच, शिकलेले, त्यांचं जमणारच. बरं, तसं धरून चालू. मग एकाच देशातून, एकाच युद्धामुळे निघालेल्या आणि एकाच निर्देशाखाली आलेल्या या माणसांचं वेगवेगळ्या देशांत वेगवेगळं का झालं? पोलंडनं मार्च २०२२मध्येच खास कायदा करून कामाची दारं उघडली. मालकानं कामावर घ्यायचं आणि सरकारला कळवायचं, इतकं ते सोपं. जर्मनीनं आधी भाषा, मग काम अशी वाट धरली. २०२३च्या सुरुवातीला जर्मनीत कमावत्या वयाच्या युक्रेनियनांपैकी जेमतेम पाचातला एक नोकरीत होता. पोलंडमध्ये तोवर बहुसंख्य कामाला लागले होते. पोलिश भाषा युक्रेनियनला जवळची आहे आणि युद्धाच्या आधीपासून तिथे लाखो युक्रेनियन राबत होते. यात पोलंड सरकारचा पराक्रम नाही, हे मान्य. शिवाय तिथे शिक्षिका आणि हिशेबनीस बायका हॉटेलांत खोल्या आवरायला लागल्या, हेही खरं. जर्मनीतलं प्रमाण पुढे चढत गेलं. कोणतं धोरण शेवटी शहाणपणाचं ठरेल याचा निकाल इतक्यात लावायची घाई मी करणार नाही. पण इतका मोठा फरक एकाच समाजाच्या ‘संस्कृती’नं समजावून सांगता येत नाही, एवढं तरी कबूल करावं लागेल.

सरकारच्या हातातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणजे वेळ. अर्ज घेऊन माणसाला बसवून ठेवायचं. १९९४ ते २००४ या काळात स्वित्झर्लंडमध्ये आलेल्या निर्वासितांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निकालासाठी एक वर्ष जास्त थांबावं लागलेल्यांमध्ये पुढे नोकरीत असणाऱ्यांची टक्केवारी ४ ते ५ अंकांनी कमी भरली. माणसं तीच, देश तोच, फक्त वर्ष वाया गेलेलं. जर्मनीतला पुरावा याहून बोलका आहे. युगोस्लाव्हियाच्या युद्धांमधून तिथे आलेल्या काहींना कामबंदीचे नियम बदलल्यामुळे इतरांपेक्षा सात महिने जास्त थांबावं लागलं. कोण थांबलं आणि कोण सुटलं, हे हुशारीवर ठरलं नव्हतं. कोण कधी सीमेवर पोचला एवढ्यावरच ठरलं होतं. बंदी उठल्यावर पाच वर्षांनीसुद्धा जास्त थांबलेल्यांमधला रोजगार सुमारे २० अंकांनी मागे होता, आणि ही दरी बुजायला दहा वर्षांपर्यंत वेळ लागला. सात महिन्यांची बंदी आणि दहा वर्षांचा भुर्दंड.

असं का होतं, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. घरदार सोडून आलेला माणूस पहिल्या काही महिन्यांत विलक्षण धडपड्या असतो. मिळेल ते काम करायची, तुटकी-फुटकी भाषा बोलायची, कुणाच्याही दारात जायची त्याची तयारी असते. हा जोर टिकत नाही. वसतिगृहाच्या खोलीत चौघांबरोबर दीड वर्ष काढल्यावर झोपेचं वेळापत्रक बिघडतं, जवळची पुंजी संपते, हातातली कला गंजते. मग एक दिवस पत्र येतं आणि त्याला सांगितलं जातं की आता स्वतःच्या पायावर उभा राहा. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्याला पहिले बारा महिने कामाची परवानगी मागतासुद्धा येत नाही, आणि नंतर मिळाली तरी ती सरकारनं ठरवलेल्या मोजक्या व्यवसायांपुरती. २००२पर्यंत ही मागणी सहा महिन्यांनी करता येत असे. मुदत वाढवली ती लोक येऊ नयेत म्हणून. यायचे ते येतच राहिले, फक्त रिकामे बसू लागले आणि त्यांना पोसायचा खर्च सरकारवर पडला. मग तेच सरकार संसदेत सांगतं की आश्रितांचा बोजा फार झाला.

ब्रिटनमधलीच एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण धोरण म्हणजे नेमकं काय असतं हे तिच्यात दिसतं. अर्ज मंजूर झाला, निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, की सरकारी निवारा आणि आठवड्याचा भत्ता बंद होण्याची मुदत सुरू होते: २८ दिवस. एवढ्यात त्यानं घर शोधायचं, बँकेत खातं उघडायचं, काम मिळवायचं किंवा सर्वसाधारण सरकारी भत्त्यासाठी अर्ज करायचा. त्या भत्त्याचा पहिला हप्ता मिळायला साधारण पाच आठवडे लागतात. म्हणजे ३५ दिवस. पहिल्याच दिवशी अर्ज केला तरी मधला आठवडा हातात काही नाही. आधी उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून वळती होते. घरमालक अनामत रक्कम मागतो, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र मागतो. आधीचा घरमालक सरकार. ते असली पत्रं देत नाही. मान्यता मिळाल्याच्या आनंदात असलेली माणसं महिन्याभरात बेघरांच्या यादीत कशी जातात, याचं कोडं तिथल्या नगरपालिकांना कधीच पडलेलं नव्हतं. डिसेंबर २०२४मध्ये प्रयोग म्हणून ही मुदत ५६ दिवसांची केली, आणि पुढच्याच वर्षी एकट्या प्रौढांसाठी ती पुन्हा २८वर आणली. ही क्रूरता कुणी ठरवून केलेली नाही. दोन खात्यांच्या दोन मुदती आहेत आणि त्या जुळतात की नाही हे बघणं कुणाच्याच कामात बसत नाही. निर्णय घ्यायला वर्ष लावणारी यंत्रणा निर्णयानंतर मात्र महिन्याची घाई करते, एवढंच.

वेळेनंतर जागा. निर्वासित एकाच शहरात गर्दी करतात, वस्त्या करतात, मग मिसळत नाहीत, अशी भीती सगळ्याच सरकारांना वाटते. त्यावरचा आवडता उपाय म्हणजे त्यांना देशभर विखरून टाकणं. १९७५मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर अमेरिकेनं तिथले सुमारे १ लाख ३० हजार लोक आणले, लष्करी तळांवर उतरवले आणि तिथून जाणीवपूर्वक सगळ्या राज्यांत पांगवले. क्युबन लोकांची मायामीत झाली तशी एकवट पुन्हा नको, हा हेतू. एका चर्चनं एका कुटुंबाला दत्तक घेतलं, दुसऱ्या गावानं दुसऱ्याला. काही वर्षांतच ही कुटुंबं गाड्या भरून कॅलिफोर्नियाला निघाली. ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टरच्या आसपास त्यांची जी वस्ती उभी राहिली ती आज व्हिएतनामबाहेरच्या सर्वांत मोठ्या व्हिएतनामी वस्त्यांपैकी एक आहे. सरकारनं पांगवलेली माणसं आपापल्या खर्चानं पुन्हा एकत्र आली, आणि त्यात अमेरिकेचं काहीही बिघडलं नाही. उलट त्या वस्तीनं दुकानदार, डॉक्टर, नगरसेवक दिले.

स्वीडननं १९८५मध्ये हाच प्रयोग जास्त शिस्तीत केला. निर्वासितांना संपूर्ण देशात वाटायचं, शिक्षण आणि नोकरीच्या संधी बघून गाव ठरवायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात गाव ठरलं ते रिकाम्या घरांवरून. आता घरं रिकामी कुठे असतात? जिथले कारखाने बंद पडून तिथलीच माणसं निघून गेली आहेत तिथे. म्हणजे स्थानिक तरुणांनी काम नाही म्हणून जे गाव सोडलं, तिथे भाषा न येणाऱ्या परक्याला नेऊन बसवलं आणि वर त्यानं काम शोधावं अशी अपेक्षा ठेवली. या धोरणाखाली वाटल्या गेलेल्यांची कमाई आधीच्यांच्या तुलनेत मागे पडली, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. आणि ज्या वस्त्यांची एवढी भीती होती त्यांचं काय? स्वीडन आणि डेन्मार्क दोन्हीकडच्या आकडेवारीत असं आढळलं की आपल्या देशबांधवांच्या जवळ राहायला मिळालेल्यांची कमाई जास्त होती. स्वीडनमध्ये तर कमी शिकलेल्यांना याचा विशेष फायदा झाला. पहिली नोकरी सरकारी कार्यालयातून लागत नाही, ती ओळखीतून लागते. ओळखीची माणसं कुठे आहेत हे निर्वासिताला मंत्र्यांपेक्षा चांगलं माहीत असतं.

विखुरण्याच्या बाजूनं एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. शाळेतल्या जागा, दवाखाने, घरं यांचा ताण दोन-तीन शहरांवरच का पडावा? जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांची राज्याराज्यांत वाटणी एका सूत्रानं होते. त्यात दोन तृतीयांश वजन राज्याच्या कर-उत्पन्नाला आणि एक तृतीयांश लोकसंख्येला. पहिल्या निवाऱ्यासाठी हे सूत्र न्याय्य आहे, मला त्यात खोट दिसत नाही. खोट आहे ती २०१६च्या कायद्यात: मान्यता मिळाल्यानंतरही तीन वर्षं त्याच राज्यात राहण्याची सक्ती. पुरेसं काम मिळालं तर सूट आहे, पण दुसऱ्या राज्यात राहिल्याशिवाय तिथलं काम शोधायचं कसं? स्वित्झर्लंडमध्ये वाटणी कँटनच्या, म्हणजे तिथल्या प्रांताच्या, लोकसंख्येप्रमाणे होते, त्यामुळे फ्रेंच बोलणारा आफ्रिकी माणूस जर्मन भाषिक कँटनमध्ये जाऊन पडतो आणि हातात असलेली एकमेव भाषा निरुपयोगी होते. ताण वाटायचाच असेल तर पैसा वाटावा. नॉर्वेत निर्वासितांना घ्यायचं की नाही हे नगरपालिका ठरवते, आणि घेतलं तर पाच वर्षं तिला केंद्राकडून अनुदान मिळतं. गावाला आधीपासून माहीत असतं की माणूस येणार आहे आणि पैसाही येणार आहे. अलीकडे कोणत्या निर्वासिताला कुठे पाठवल्यास त्याला काम लागण्याची शक्यता जास्त, हे संगणकाकडून काढून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. वाईट कल्पना नाही. पण त्याआधी ‘तुम्हाला कुठे जायचंय आणि तिथे तुमचं कोण आहे’ हा प्रश्न त्या माणसालाच विचारून बघायला हरकत नव्हती.

भत्ते कापले की लोक कामाला लागतात, हा आणखी एक लाडका सिद्धांत. डेन्मार्कनं २००२मध्ये नव्या निर्वासितांचा भत्ता जवळपास निम्म्यावर आणला. सुरुवातीला काही पुरुष लवकर कामाला लागले, हे खरं. धोरणकर्त्यांनी तेवढंच उचलून धरलं. पुढच्या वर्षांत तो फायदा विरून गेला. बायका श्रमबाजारातून बाहेर पडल्या, दुकानांतल्या चोऱ्या वाढल्या, त्यातही किराणा आणि रोजच्या गरजेच्या वस्तूंच्या, आणि मुलांच्या शिक्षणावर परिणाम झाला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

बायकांचं स्वतंत्रपणे बोलायला हवं, कारण ‘संस्कृती’चा आरोप सर्वांत जोरात त्यांच्याच बाबतीत होतो. २०१५मध्ये जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले. त्यांच्यातल्या कमावत्या वयाच्या लोकांपैकी २०२४पर्यंत जवळपास ६४ टक्के नोकरीत होते, म्हणजे जर्मनीच्या एकूण प्रमाणापासून फार दूर नाही. ‘हे लोक आयुष्यभर भत्त्यावर बसणार’ असं २०१६मध्ये ठासून सांगणाऱ्यांनी या आकड्यावर मौन पाळलं आहे. पण त्याच आकड्याच्या पोटात दुसरा आहे: पुरुष ७६ टक्के, बायका ३५ टक्के. हा फरक घरातल्या रीतीभातींमुळेही आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण जर्मनीच्या एकात्मता अभ्यासक्रमाकडे बघा. भाषेचे ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे १०० तास. दोन लहान मुलं असलेल्या बाईनं हे ७०० तास मुलांना कुठे ठेवून काढायचे? पाळणाघरात जागा मिळायला तिथल्या जर्मन आयांनाही रांग लावावी लागते. नवरा वर्गाला जातो, भाषा शिकतो, कामाला लागतो. ती चार वर्षांनी धाकटं मूल शाळेत गेलं की मोकळी होते, तोवर अभ्यासक्रमाची मुदत आणि उमेद दोन्ही संपलेली असतात. रीत बदलायला पिढी लागते. पाळणाघर बांधायला वर्ष पुरतं.

आता सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट: कागदाची मुदत. १९९२पासून बोस्नियातून लोक पळू लागले. जर्मनीनं साडेतीन लाखांच्या आसपास माणसं घेतली, पण ‘तूर्त हाकलत नाही’ एवढ्याच अर्थाचा कागद दिला, जो काही महिन्यांनी पुन्हा वाढवून घ्यावा लागे. स्वीडननं जून १९९३मध्ये युद्ध चालू असतानाच हजारो बोस्नियनांना कायम वास्तव्याची परवानगी देऊन टाकली. तेव्हा स्वीडन स्वतः भीषण मंदीत होता. नोकऱ्या नव्हत्या, पहिली काही वर्षं बोस्नियनांची वाईट गेली. पण पुढे जायचं कुठेच नाही हे पक्कं असल्यामुळे त्यांनी भाषा शिकली, पदव्या घेतल्या, आणि आज तिथल्या सर्वांत स्थिरावलेल्या निर्वासित समाजांत त्यांची गणना होते. जर्मनीनं युद्ध संपल्यावर बहुतेकांना परत पाठवलं.

इथे मला माझ्याच मुद्द्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट नोंदवायला हवी. परत गेलेल्या बोस्नियनांमुळे आणि इतर युगोस्लाव्हांमुळे त्यांच्या मायदेशाचा फायदा झाला. जर्मनीत ज्या उद्योगांत त्यांनी काम केलं होतं, त्याच उद्योगांची मायदेशातून होणारी निर्यात नंतर वाढलेली दिसते. म्हणजे तात्पुरता आश्रय सर्वथा वाईट असं म्हणता येणार नाही. मात्र यातली मेख लक्षात घ्या: फायदा झाला तो जर्मनीत काम करू दिल्यामुळे. वसतिगृहात बसून राहिलेला माणूस मायदेशी जाताना काहीही शिकून जात नाही. माणूस राहणार असो की जाणार, कामाचा हक्क लवकर देणं दोन्ही बाजूंनी हिताचंच आहे. ‘तात्पुरते आहेत म्हणून काम नको’ या युक्तिवादात त्यामुळे काही दम उरत नाही.

तरी वारं उलट दिशेनं वाहतं आहे. डेन्मार्कनं २०१९च्या कायद्यानं निर्वासित धोरणाचं उद्दिष्टच बदललं. सामावून घेण्याऐवजी परत पाठवणं. दमास्कस सुरक्षित झाल्याचं सांगत तिथून आलेल्या सीरियनांचे परवाने रद्द करायला सुरुवात केली, त्यात डॅनिश भाषेत शाळा पूर्ण करत आलेल्या मुली होत्या. असद राजवट तेव्हा जागेवर असल्यानं प्रत्यक्षात कुणाला पाठवता येईना, मग त्यांना परतीच्या केंद्रांत जायला सांगितलं. नोव्हेंबर २०२५मध्ये ब्रिटन सरकारनं याच धर्तीवर योजना मांडली: मान्यता अडीच वर्षांची, दर वेळी फेरतपासणी, आणि कायम वास्तव्यासाठी वीस वर्षं. वीस वर्षं भिजत घोंगडं! अडीच वर्षांचा कागद असलेल्याला कोणता मालक महागडं प्रशिक्षण देईल, कोणती बँक कर्ज देईल, आणि तो स्वतः तरी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला कशाच्या भरवशावर नाव घालेल? मग तो बिनप्रशिक्षणाचं, रोख पैशांचं, केव्हाही सोडता येण्याजोगं काम धरतो. वीस वर्षांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, हे लोक वर चढतच नाहीत.

१९५१च्या निर्वासित कराराच्या कलम ३४मध्ये यजमान देशांनी निर्वासितांना नागरिकत्व मिळणं शक्य तितकं सोपं करावं असं लिहिलं आहे. त्यावर सह्या करणाऱ्यांत डेन्मार्क आणि ब्रिटन दोघेही आहेत.

याच काळात तुलनेनं गरीब देशांनी जास्त धीट निर्णय घेतले, ही गोष्ट युरोपातल्या चर्चेत हरवते. २०२४च्या अखेरीस जगातल्या निर्वासितांपैकी ७३ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. कोलंबियानं २०२१मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या जवळपास १७ लाख लोकांना दहा वर्षांचा परवाना द्यायचा निर्णय घेतला. तिथलं सरकार तेव्हा उजव्या विचाराचं होतं, दयाळूपणासाठी प्रसिद्ध नव्हतं. त्यांनी हिशेब केला: माणसं आलेली आहेत, जाणार नाहीत, मग ती चोरून काम करण्यापेक्षा नोंदणी करून, कर भरून केलेलं बरं. त्याआधी २०१८मध्ये त्यांनी चार लाखांहून जास्त लोकांना कामाचे परवाने दिले होते, आणि त्याचा कोलंबियन कामगारांच्या रोजगारावर जाणवण्यासारखा परिणाम झाला नाही असं अभ्यासात दिसलं.

युगांडाचा २००६चा कायदा निर्वासितांना फिरण्याचा आणि कामाचा हक्क देतो, शिवाय वसाहतींमध्ये कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. शेजारच्या केनियानं तीस वर्षं उलटं केलं. १९९१मध्ये उभारलेल्या दादाबच्या छावण्या ९० हजार लोकांसाठी होत्या, तिथे एके काळी त्याच्या अनेक पटींनी माणसं राहत होती आणि परवान्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. छावणीत जन्मलेल्यांना छावणीतच मुलं झाली. केनियानंही २०२१चा कायदा करून दिशा बदलायला घेतली आहे. युगांडाचं गोडवेच गायला मात्र मी तयार नाही. १७ लाखांहून जास्त माणसं, वाट्याला येणारी जमीन वर्षागणिक लहान, आणि श्रीमंत देशांचा निधी आटल्यामुळे अन्नवाटपात कपात. पाहुण्यांना घेणाऱ्याचं कौतुक करायचं आणि पैसे द्यायची वेळ आली की खिशात हात घालायचा नाही, हा श्रीमंतांचा जुना शिरस्ता आहे.

पैसा दिला म्हणून सगळं सुटतं असंही नाही. फेब्रुवारी २०१६च्या लंडन परिषदेत जॉर्डननं सीरियनांना दोन लाख कामाच्या संधी देण्याचं मान्य केलं; बदल्यात मदत आणि युरोपीय बाजारात सवलत. मग सगळ्यांचं लक्ष किती परवाने छापले या आकड्यावर. परवाने शेती, बांधकाम, कारखाने अशा ठरावीक क्षेत्रांतच होते. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक यांची दारं बंदच राहिली, आणि बायकांच्या वाट्याला आलेले परवाने अगदी थोडे. परवाना हातात असणं आणि चांगली नोकरी मिळणं यात बरंच अंतर आहे, हे तुर्कस्ताननंही दाखवलं. तिथे २०१६पासून सीरियनांना कामाचा परवाना मिळू लागला, पण अर्ज मालकानं करायचा. ज्या मालकाला कमी पगारात नोंदणीविना माणूस मिळतो आहे, तो अर्ज कशाला करेल? निर्वासितांना अधांतरी ठेवण्यात कुणाचा फायदा असतो, या प्रश्नाचं एक उत्तर अशा मालकांच्या हिशेबवहीत सापडतं.

चांगली वागणूक दिली तर आणखी लोक येतील, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. देशादेशांतल्या नियमांचा थोडा परिणाम लोक कुठे जातात यावर होतो. पण माणसं युद्धामुळे निघतात, आणि बरीचशी नातेवाईक जिथे आहेत तिकडे जातात. कठोर नियमांनी येणाऱ्यांची संख्या जितकी घटते त्याहून कितीतरी जास्त नुकसान आलेल्यांचं होतं. स्थानिक गरिबांच्या नोकऱ्या जातील ही भीतीही तपासली गेली आहे. डेन्मार्कमध्ये १९८६ ते १९९८ दरम्यान निर्वासित गावोगाव वाटले गेले, तेव्हा त्या गावांतले कमी शिकलेले डॅनिश कामगार हळूहळू जास्त कौशल्याच्या कामांकडे सरकले आणि त्यांचा पगार वाढला. घरांचा प्रश्न मात्र खरा आहे. जिथे आधीच भाड्याची घरं मिळत नाहीत तिथे नव्यानं येणाऱ्यांमुळे रांग लांबतेच, आणि तिची झळ गरिबालाच बसते. सरकारनं घरं बांधायची सोडून दिल्यावर त्याचं खापर निर्वासितावर फोडणं सोपं जातं. हा राग समजण्यासारखा आहे, फक्त पत्ता चुकलेला.

आता परीक्षा पुन्हा युक्रेनियनांचीच आहे. युरोपीय संघाचं तात्पुरतं संरक्षण मार्च २०२७पर्यंत वाढवलं आहे. २०२२मध्ये पहिलीत असताना आलेलं मूल तेव्हा सहावीत असेल. पुढची तयारी म्हणून काही देशांनी दुसऱ्या परवान्यांची सोय सुरू केली आहे. चेक प्रजासत्ताकानं त्यासाठी आर्थिक स्वावलंबनाची, ठरावीक उत्पन्नाची अट घातली. कमावणारा तरुण ती सहज पार करेल. अडकतील त्या नवरा आघाडीवर असलेल्या, लहान मुलांना एकटीनं सांभाळणाऱ्या बायका, म्हातारे, आजारी. ज्यांच्यासाठी ना पाळणाघर होतं ना अर्धवेळ काम, त्यांनाच आता पाच वर्षांत किती कमावलंत असं विचारलं जाईल. उत्पन्नाच्या त्या अटीला जोडून, मुलं किंवा म्हातारे सांभाळण्यात गेलेल्या वर्षांची मोजदाद करण्याची तरतूद करायला कायद्यात एक कलम पुरेल. मार्च २०२७ यायच्या आत ते लिहिता येतं.